भोंगाकाकांचा वाजणारा पेला

जुना म्हणा, पोचे पडलेला म्हणा, माझी ना नाही; पण मला साधा पेला म्हणू नका, मित्रांनो. मी जाड बुडाचा, उभा, स्टीलचा पेला आहे. फळबाजारातल्या भल्याभल्यांना मी गप्प बसवले आहे. तुम्हाला ही फुशारकी वाटेल. आधी ऐकून तर घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला. पत्र्याची एक चकती यंत्राखाली गेली, वरून दणका बसला आणि मी उभा राहिलो. मग घासून घासून मला असे चमकवले की कामगार माझ्यात बघून भांग पाडत. आम्ही सहा भावंडे एकाच खोक्यातून भोंगाकाकांच्या घरी आलो. त्यातला एक शेजारी साखर घेऊन गेला तो गेलाच. एकात दात घासायचे ब्रश उभे असतात. बाकीच्यांबद्दल न बोललेले बरे. टिकलो तो मी.

भोंगाकाका फळांच्या ठोक बाजारात लिलाव पुकारायचे. पेट्यांच्या थप्पीवर उभे राहायचे आणि पहाटेपासून भाव ओरडायचे. त्यांनी तोंड उघडले की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसत. बाजाराने म्हणून तर त्यांचे नाव भोंगा ठेवले होते, आणि काकांना ते एखाद्या पदवीसारखे वाटायचे.

त्यांचे खाणेपिणे मात्र विचारू नका. सकाळी उपाशीपोटी चहा, मग त्या चहावर चहा. रात्री उशिरा तळलेले, तिखट, पोटाला तडस लागेपर्यंत जेवायचे आणि हात धुतले की लगेच आडवे व्हायचे. काकू पाणी पुढे करायच्या तर म्हणायचे, "सारखं पाणी काय? मी काय मासा आहे?" त्यामुळे मी फळीवर पालथा पडून असे. जन्मभर फळे विकणाऱ्या या माणसाने घरी कधी एक फोड तोंडात घातल्याचे मला आठवत नाही.

हळूहळू काकांचा आवाज घोगरा होऊ लागला. ते खाकरायचे आणि आणखी जोरात ओरडायचे. एके सकाळी संत्र्यांचा लिलाव ऐन रंगात असताना त्यांच्या तोंडातून नुसती हवा आली. कोणीतरी हसले. उरलेला लिलाव दुसऱ्याच माणसाने उरकला. काका घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यांना दुसरे कोणतेही काम येत नव्हते, आणि जे येत होते तेच घशातून निसटत चालले होते. मला फार वाईट वाटले.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी तपासले आणि स्पष्ट सांगितले, "आवाजाला पूर्ण विश्रांती द्या. चहा कमी करा, दिवसभर घोट घोट पाणी प्या. रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं हवं, जेवून लगेच झोपायचं नाही. रोज वाफ घ्या. हे जमलं नाही तर आवाज कायमचा असाच राहील."

काका घाबरले आणि त्यांनी बोलणे बंद केले. बंद केले म्हणजे काय, ते कुजबुजू लागले. दिवसभर त्यांचे फुसफुस, फुसफुस. समोरचा कुजबुजला की आपणही नकळत कुजबुजतो, तसे काकूंचे झाले. दूध घालणारा दारात कुजबुजू लागला. शेवटी शेजारच्या आजी घाबऱ्याघुबऱ्या आल्या आणि हळूच विचारू लागल्या, "घरात कोणाचं काही बरंवाईट तर झालं नाही ना?"

इतके करून आवाज काही सुधारेना. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो काका, कुजबुजताना घसा उलट जास्त आवळता तुम्ही. गप्प म्हणजे गप्प."

आणि इथून माझे दिवस फिरले. काकूंनी मला फळीवरून काढले, काठोकाठ पाणी भरले आणि एका चमच्यासकट काकांपुढे ठेवले. "काही हवं असेल तर हा वाजवा. मी मागे कपडे धुतेय."

काकांनी चमचा मारला. थद्द. भरलेला पेला कसा वाजणार? त्यांनी आणखी जोरात मारला. हा काठाजवळचा पोचा दिसतो ना, तो तेव्हाचा. काकू काही येईनात. काकांनी वैतागून पाणी पिऊन टाकले आणि पुन्हा चमचा मारला. टण्ण! मलाच माझे नवल वाटले. काकू हात पुसत धावत आल्या.

काकू मोठ्या वस्ताद. सगळा प्रकार त्यांच्या लगेच ध्यानात आला. आल्या की काय हवे ते विचारायच्या, द्यायच्या आणि जाताना मला भरून ठेवायच्या. म्हणजे पुढची हाक मारायची तर आधी पाणी संपवायला हवे. "आणि घटाघटा नको हं. सावकाश प्यायचं. मला घाई नाही."

काकांनी डोळे वटारले, पण बोलती बंद होती. क्षुल्लक कामांसाठी मला वाजवणे त्यांना परवडेना. मग पंखा लावायला, पेपर आणायला ते स्वतः उठू लागले. सकाळी माझ्यातच कोमट मीठपाणी घेऊन गुळण्या करायचे. संध्याकाळी दिवे लागायच्या आत वरण-भातासारखे हलके जेवायचे आणि अंगणात फेऱ्या मारायचे. दुपारी काकू फळांच्या फोडी पुढे ठेवत. पहिल्या दिवशी पपई खाऊन काकांनी असा चेहरा केला, जणू हे फळ त्यांनी आयुष्यात पाहिलेच नव्हते! पोट हलके झाले, झोप गाढ लागू लागली. हे सगळे एकट्या माझ्यामुळे झाले असे मी म्हणत नाही. पण सुरुवात माझ्यापासून झाली, हे काकूही मान्य करतात.

एकदाचा आवाज परत आला. डॉक्टरीणबाईंची ताकीद एवढीच होती, की बोला, पण ओरडू नका. आता लिलाव पुकारणारा ओरडणार नाही तर करणार काय? बाजाराच्या मुकादमांनी स्पष्टच सांगितले, "एक सकाळ बघतो. नाही जमलं तर तुम्ही वजनकाट्यावर बसा."

त्या सकाळी मी काकांच्या पिशवीतून बाजारात गेलो. काका थप्पीवर चढले आणि साध्या आवाजात भाव बोलले. कोणाला काही ऐकू गेले नाही. खालून एकजण म्हणाला, "भोंग्याचा सेल गेला वाटतं." लोक हसले. काकांनी मला पिशवीतून बाहेर काढले. त्यांनी मला भरले आणि सगळ्यांसमोर सावकाश, एकेक घोट घेत रिकामे केले. हा माणूस करतोय तरी काय, म्हणून लोक बघू लागले. मग काकांनी चमचा मारला.

टण्ण!

अख्खा बाजार चिडीचूप झाला. काकांनी घरात बोलावे तशा आवाजात भाव सांगितला, आणि तो शेवटच्या गाळ्यापर्यंत गेला. पुन्हा गलका वाढला की पुन्हा पाणी, पुन्हा मी. दुपारी मुकादम म्हणाले, "उद्या वेळेवर या." बस, एवढेच म्हणाले. माझी छाती मात्र पेटीएवढी झाली होती.

पुढे व्यापाऱ्यांनी कौतुकाने काकांना पितळी घंटा भेट दिली. चांगली वजनदार, दोरीवाली. मी घरी परतलो आणि फळीवर पुन्हा पालथा झालो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? थोडेच दिवस गेले आणि काकांनी जेवताना विचारले, "भाजी कसली?" आवाज खरखरत होता. काकूंनी ताटातून मान वर केली. मग उठल्या, मला घासले आणि काकांच्या पिशवीत टाकले.

"घंटा चांगली आहे हो," त्या म्हणाल्या, "पण ती वाजवायला पाणी प्यावं लागत नाही."

घंटा अजून बाजारात टांगलेली आहे. माझ्याहून ती देखणी आहे, हे मी मोठ्या मनाने कबूल करतो. लिलाव मात्र मी वाजल्याशिवाय सुरू होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा कोणीतरी फळीवर पालथा पडलेला असेल. त्याला सरळ करा, भरा आणि सावकाश रिकामा करा. नंतर वाजवायचा की नाही, ते मात्र आईला विचारून ठरवा.