तक्त्याखालचं पान

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. रोज करायची योगासनं आणि घरातल्यांच्या तब्येतीची निगा हा माझा विषय. माझा कणा दोनदा शिवलेला आहे, तोही शर्टाच्या पांढऱ्या दोऱ्याने, कारण माझे मालक शिंपी आहेत. सध्या मी त्यांच्या कापड बेतायच्या टेबलावर पडलो आहे आणि मला भीती वाटते आहे. पुस्तकाला कसली भीती, असं म्हणून हसू नका. माझ्यात काय लिहिलं आहे ते मला ठाऊक आहे आणि मला वाचणाऱ्याला ठाऊक नाही, म्हणून ही भीती.

मला लिहिणाऱ्या बाईंनी तीस वर्षं योग शिकवला होता. त्या बोलायला कडक होत्या. छपाईच्या आधी एका पानावरून त्यांचं आणि प्रकाशकांचं चांगलंच वाजलं.

"बाई, हे पान गाळू या," प्रकाशक म्हणाले. "एक चित्र नाही. नुसतं हे करू नका, ते करू नका. गिऱ्हाईक घाबरेल."

"घाबरू दे," बाई म्हणाल्या. "बाकीचं पुस्तक नाही वाचलं तरी चालेल. हे वाचलंच पाहिजे."

पान राहिलं. एकशे एक्केचाळिसावं. त्यावर लिहिलं आहे की जिना चढताना दम लागत असेल, काही कारण नसताना घाम फुटत असेल, जबडा, पाठ किंवा हात दुखत असेल, तर एकही आसन करू नका, आजच्या आज डॉक्टरकडे जा. ते पान मला कधीच आवडलं नाही, खरं सांगतो. माझी चित्रं देखणी होती आणि मला त्यांचाच तोरा होता.

शिंपीदादांनी मला विकत घेतलं तेव्हा त्यांची कंबर मोडून आली होती. बावीस वर्षं मशीनवर वाकून दुसरं काय होणार? त्यांनी माझी पहिली आठ आसनं सहा महिने न चुकता केली आणि कंबर सरळ झाली. माझी कॉलर ताठ झाली म्हणा ना! मापं द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते मला दाखवत. कोणाला झोप येत नाही, कोणाचं पोट साफ होत नाही, की लगेच दादा बोटाला थुंकी लावून माझी पानं उलटत. माझं इतकं कौतुक झालं की मला वाटू लागलं, माझ्यात सगळ्यावर इलाज आहे. दादांनाही तसंच वाटू लागलं, आणि तिथेच घात झाला.

शिंप्याला माप घेतल्याशिवाय चैन पडत नाही. दर रविवारी सकाळी दादा टेप घेऊन घरातल्या दोघींची, म्हणजे बायकोची आणि लेकीची, छाती, कंबर, दंड मोजत. मग स्वतःचं माप लेकीकडून घेत. ते लिहायला त्यांनी खाकी कागदाचा तक्ता आखला. तो लावायला भिंत नको, हरवेल म्हणून सुटा कागद नको. माझ्यातच एखादं रिकामं पान शोधू लागले.

"यावर एक चित्र नाही," एकशे एक्केचाळिसाव्या पानावर थांबून ते म्हणाले. "नुसती कटकट आहे." आणि अस्तराला लावायची खळ घेऊन त्यांनी तक्ता चारही कडांनी पक्का चिकटवला. शिंप्याचं काम, सुरकुती म्हणून पडली नाही.

दोन महिन्यांपूर्वी काकूंना दम लागू लागला. काकू म्हणजे दादांची बायको. काजं-बटणं त्या करतात. माडीवरून कापडाचा गठ्ठा खाली आणताना त्या मधल्या पायरीवर टेकू लागल्या. मग जबडा दुखू लागला. दाढ असेल, असं त्याच म्हणाल्या.

दादा बेफिकीर नव्हते हो. त्यांनी त्याच दुपारी माझी सूची उघडली. 'दम लागणे, पाने ५२, १४१.' बोट नीट ठेवून त्यांनी एकशे एक्केचाळिसावं पान काढलं, आणि समोर स्वतःचाच तक्ता पाहून खूश झाले.

"अगं, हे बघ! तुझी कंबर दीड इंचाने उतरली आहे. चांगलंच चाललंय की!"

"अहो, मला जेवणच जात नाही," काकू म्हणाल्या.

"तेच तर. शरीर हलकं होतंय."

मग त्यांनी बावन्नावं पान उघडलं. त्यावर श्वास रोखून धरायचा अभ्यास आहे. चांगला अभ्यास आहे, पण तो धडधाकट माणसासाठी. खळीखालून मी ओरडलो असतो, पण पुस्तकाला ओरडता येत नाही. कोणी वाचलं तरच ते बोलतं.

तीन आठवडे दादा मोजत होते आणि काकू श्वास धरत होत्या. एका सकाळी लेक कामाला निघताना डबा घ्यायला आत आली. काकू चटईवर बसल्या होत्या, मानेवरून घाम ओघळत होता.

"बाबा, आईचे ओठ बघा!"

"मध्ये बोलू नकोस. सात झालेत, दहा व्हायचेत."

"अहो बाबा, निळे पडलेत ओठ! उठा आधी!"

लेकीने डबा तिथेच टाकला, शेजारच्या सुताराला गाडी काढायला लावली आणि आईला दवाखान्यात नेलं. दादा अनवाणीच मागे धावले. मी चटईवर उघडा राहिलो. नऊ दिवस घरात मशीन चालली नाही.

काकू परत आल्या, पण अर्ध्या होऊन. लेक डॉक्टरांचं बोलणं दादांना पुन्हा पुन्हा सांगत होती. हृदयाला मोठी इजा झाली आहे, महिनाभर आधी आणलं असतं तर एवढं झालं नसतं, आता गोळी एकही चुकवायची नाही, जिना बंद, श्रम बंद. दादा ढसाढसा रडले. काकूंचे पाय धरून रडले. मला वाटलं, आता हे मला रद्दीत देतील. दिलं असतं तर मी सुटलो असतो.

आज लेक पहिल्यांदा कामावर गेली. दार लागताच दादांनी मला फळीवरून काढलं, प्रेमाने पुसलं आणि सूचीत 'हृदय' शोधलं.

"सापडलं बघ! माझी कंबर यानेच बरी केली. डॉक्टरांना काय, गोळ्याच माहीत. त्या हळूहळू कमी करू या. मी आहे ना."

काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. नऊ दिवसांत दादा किती खंगले ते त्यांना दिसलं असावं. ज्या माणसाला एवढा पश्चात्ताप झाला आहे त्याला नाही कसं म्हणायचं? त्या हळूच उठल्या आणि चटई अंथरू लागल्या.

मित्रांनो, पुस्तकांना जपा, असं आम्ही सगळेच सांगत असतो. मी तसं सांगणार नाही. मला फाडा, चुलीत घाला, पण तुमच्या घरात कोणाला दम लागला तर माझ्याकडे नका बघू, त्या माणसाकडे बघा. आणि जमलं तर आत्ता या दारावर कोणीतरी थाप मारा. शर्टाचं माप द्यायचं आहे म्हणा, काहीही म्हणा.

"मोजा," काकू म्हणतात आणि डोळे मिटतात.

लेक सहाला घरी येते. आता कुठे दहा वाजले आहेत.