खोडरबरने दाखवलेला चेहरा

मित्रांनो, चित्रकलेच्या खोलीत मधोमध ते लांबलचक, रंगांनी बरबटलेलं टेबल दिसतं ना, ते म्हणजे मी. बोलतोय म्हणून दचकू नका. तीस वर्षं माझ्यावर कोपरं टेकून तुम्हीच इतकी बडबड केलीत, की मलाही बोलायला आलं.

मी अस्सल सागवानी, हे जरा तोऱ्यातच सांगतो. नवा होतो तेव्हा इतका गुळगुळीत होतो, की पेन्सिल ठेवली की घरंगळून थेट खाली. मग आली दुसरीतली पोरं! त्यांच्या मातीच्या हत्तींच्या सोंडा माझ्यावर वाळायच्या, बटाट्याचे ठसे कागदावर कमी आणि माझ्यावर जास्त उमटायचे. सहावी-सातवीतली मोठी मुलं लिनोवर चित्र कोरायची. लिनो म्हणजे फरशीवर अंथरतात तसला रबरासारखा मऊ, जाड तुकडा. त्यावर कोरायचं, रोलरने शाई फिरवायची आणि कागद दाबून छाप काढायचा. कोरणी सटकली, की ओरखडा माझ्या अंगावर. सुरुवातीला मी फार चिडायचो.

पण आमच्या बाईंचा एक नियम होता. चुकलं तर खोडायचं नाही, त्यातून काय होतंय ते बघायचं. एकदा एकाच्या कागदावर लाल रंग सांडला. तो रडकुंडीला आला. बाई म्हणाल्या, "अरे, बघ तर नीट!" त्याने दोन रेघा ओढल्या, एक डोळा काढला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या डागाचा कोंबडा झाला! बाप रे! इतकी वर्षं झाली, पण असं काही घडलं, की मी अजूनही थक्क होतो.

फक्त एक रुखरुख होती. मला दिसायचं ते छत, पंखा आणि वाकलेले चेहरे. माझा स्वतःचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

एका सोमवारी मोठे सर आले, त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि चटकन मागे घेतला. बोटात कुसळ गेलं होतं. "बाई, हे काही खरं नाही," ते म्हणाले. "शनिवारी सुतारकाकांना बोलावतो. रंधा मारून वर सनमायका बसवून टाकू. पुसलं की चकाचक!"

तीस वर्षांच्या खुणा एका सकाळी भुसा होऊन केरात जाणार, आणि वर त्या सनमायकावर पुन्हा एकही उमटणार नाही. बाई तरी बोटात गेलेलं कुसळ खोटं कसं म्हणणार?

शुक्रवारी सहावीचा छापकामाचा तास होता. त्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे खोडरबर म्हणायचे. रेघ ओढायची आणि लगेच पुसायची. कागदाला भोक पडायचं, पण चित्र काही पुरं व्हायचं नाही. त्या दिवशी बिचारी जपून जपून शाई लावत होती. तेवढ्यात लिनो सरकला आणि रोलर सरळ माझ्यावरून हातभर धावला. काळाकुट्ट पट्टा! तिची पाचावर धारण बसली. कोणी बघायच्या आत तिने कोरा कागद त्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी गच्च दाबून धरला.

"काय लपवतेस गं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही बाई... मी पुसते. लगेच पुसते!"

बाईंनी हळूच कागद उचलून उलटा केला. शाईच्या काळ्यावर माझे ओरखडे पांढरेशुभ्र उमटले होते. कोणीतरी कधी काळी कोरलेला मासा होता, कर्कटकाने ओढलेलं गोल वर्तुळ होतं, उलटी अक्षरं होती.

"अगं, हे काय केलंस तू!" बाई ओरडल्याच. "सगळे रोलर इकडे आणा! कागद जोडा, या टेबलाएवढा एक होईल इतके!"

मग काय विचारता, पोरांनी मला या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं केलं. कागद अंथरला, तळव्यांनी, चमच्यांच्या पाठीने घासला. चौदा हातांनी तो उचलून माझ्यावर आडवा धरला, आणि मित्रांनो, मी स्वतःला पाहिलं. हा मी? इतका मोठा? इतक्या मुलांचा? माझ्या अंगावर चांदण्यांनी भरलेल्या आकाशासारखं काहीतरी होतं आणि मला पत्ताच नव्हता. मला रडता येत असतं तर शाई धुऊन गेली असती.

शनिवारी मोठे सर भिंतीवर टांगलेल्या त्या छापासमोर बराच वेळ उभे राहिले. मग सुतारकाकांना म्हणाले, "रंधा मारा. पोरांच्या हातात कुसळं जायला नकोत. पण सनमायका... राहू द्या."

रंधा फिरला. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. मासा गेला, वर्तुळ गेलं.

सोमवारी मुलं आली ती मला हात लावायलाच घाबरली. माझ्यावर वर्तमानपत्रांचे दोन थर घातले, पाहुण्यासारखं वागवलं. मला कसंनुसं झालं. तेवढ्यात खोडरबरने एक कोपरा उघडा केला, अंगठा शाईत बुडवला आणि माझ्या नव्याकोऱ्या अंगावर दाबला. फडकं शेजारीच होतं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, पण उचललं नाही.

"बाई, हे राहू दे ना?" तिने विचारलं.

"राहू दे," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्या बोलणाऱ्या सगळ्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मीही सांगतो, कुसळ दिसलं तर मोठ्यांना दाखवा, पाय डगमगला तर खिळा ठोकून घ्या. पण डागांपासून मला जपू नका. समोर भिंतीवर माझा जुना चेहरा आहे. नवा अजून एका अंगठ्याएवढाच झालाय.