खंडेनवमीचा हार

आमच्या घरी ज्या हत्यारावर पोट चालतं, त्याची खंडेनवमीला पूजा होते आणि त्या दिवशी त्याला कुणी कामाला लावत नाही. विळा, पाटा, माझं शिलाई मशीन, सगळे सुट्टीवर. मग सुनेचं यंत्र काय आभाळातून पडलं?

सून चारुशीला नागपुरातच कॉलेजात प्रथिनांचा अभ्यास करते. मला समजलं ते एवढं: प्रथिनाचा मिठाच्या कणाएवढा खडा काचेच्या नळीत ठेवायचा, त्यावर एक्स-रे सोडायचे, खडा जरासा फिरवायचा, पुन्हा सोडायचे. किरणांचे जे ठिपके उमटतात ते मोजून खड्याची आतली ठेवण कळते. आधी ती हातानं फिरवायची आणि डोळे सुजवून घरी यायची. यंदा तिनं मोटर आणि कॉम्प्युटर जोडून यंत्र आपोआप फिरतं केलं. तिच्या विश्वनाथ सरांचा मात्र भरवसा नव्हता. चांगला खडा एकच उरलेला. तो वाया गेला तर पुन्हा हातानंच करायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

"आजच्या दिवस बंद ठेव," मी म्हटलं.

"नाही जमत, आत्याबाई. किरणं लागले का खडा नासत जाते. काम मधात सोडता येत नाही."

"पोळ्याले बैलालेही सुट्टी असते वं."

"बैल दुसऱ्या दिवशी जित्ता असते."

तोंड आहे तिला. माझ्याच घरात राहून आलं.

मी पूजेचं ताट घेऊन तिच्यासोबत कॉलेजात गेले. ती सरांशी बोलत होती तेवढ्यात मी यंत्राचं काचेचं दार उघडलं. खट्ट झालं, दार उघडलं की किरणं बंद व्हायची सोय तिनंच केलेली. कुंकू लावलं, खडा फिरवणाऱ्या, पुढं आलेल्या दांड्याला झेंडूचा हार घातला, दार लावलं. दांडा फिरला, हार ताणला गेला आणि यंत्र गप्प. लाल दिवा लागला.

"गेला खडा," सर म्हणाले. "म्हणूनच नको म्हणत होतो."

चारुशीलानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली नाही. पूजा काही गुन्हा नाही.

तिनं भिंगातून खडा पाहिला. शाबूत होता. "यंत्र अटकलं म्हणून आपलं आपणच थांबलं, सर."

हार काढून तिनं बटण दाबलं. दांडा मूळ जागी गेला आणि सोडलं होतं तिथूनच काम धरलं. सरांनी आधीचा एक ठिपका परत मोजायला लावला. आकडा जुळला.

"असली परीक्षा मलाही सुचली नसती," सर मला म्हणाले. मग तिला, "घरी जा. यंत्र करेल."

कितीतरी दिवसांनी ती दिवसाउजेडी जेवायला बसली.

"आत्याबाई, भिवापुरी मिरचीची चटणी नाही केली?"

"पाटा सुट्टीवर आहे," मी म्हटलं. "तुयासारखा. जेव मुकाट्यानं."

आणि वरणावर तूप जरा जास्तच वाढलं.