डोळे झाक, सांग

"डोळ्याला काय कळतंय रं आप्पा? नाकानं बघ, नाकानं."

बानूआत्याचा हा आवाज आप्पासाहेबांच्या कानात अजून तसाच होता, धुरानं घोगरा आणि मायेनं ओला. निरवांगीच्या मळ्यातल्या गुऱ्हाळावर, जमिनीत खणलेल्या चुलवाणाच्या तोंडाशी बसून आत्या वाळली चिपाडं आत सारायची आणि सारता सारता गायची,

जाळ घाल बाई, बेताबेतानं चुलवाणी
वासाच्या वाटनं, गूळ येतो गं अंगणी

वर काहिलीत उसाचा रस खदखदत असायचा. वाफेत समोरचं माणूस दिसायचं नाही. आत्या लहानग्या आप्पाचे डोळे पदरानं बांधायची आणि विचारायची, "सांग, आता काय झालं?" आधी कोवळा हिरवा वास, मग काकवीचा, आणि गूळ व्हायला आला की त्या गोडाच्या पोटात बारीकशी कडवट तार. ती तार जाड व्हायच्या आत काहील उतरली पाहिजे.

पुढं आप्पासाहेबांनी हाच खेळ आपल्या पोरांशी खेळला. डोळे झाक, सांग. थोरला सुयोग त्यात बापापेक्षा वरचढ निघाला. शाळेतून येताना रस्त्यावरूनच ओरडायचा, "आप्पा, उतरवा! लागतोय!"

आता आप्पासाहेबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. म्हणून दिवाळीला परत आलेल्या सुयोगच्या हाती त्यांनी काहील दिली. पोरगा चार वर्षं आखातात होता, उंच उंच इमारतींची साफसफाई करणाऱ्या एका कंपनीत. गेला क्लीनर म्हणून. मग एकदा फोनवर म्हणाला, सुपरवायझर झालो. त्याच्या आईनं, शकुबाईंनी, वस्तीवर पेढे वाटले. आता म्हणत होता, लांबची रजा हाय. रजा कधी संपते असं विचारलं की तो म्हशीला पाणी दाखवायला उठायचा.

आणि आता त्याच कंपनीत राजेश्वरी निघाली होती. धाकटी. लोणी भापकरला दिलेली, नवऱ्यानं टाकलेली. "भावाच्या ताटाकडं बघत जलम काढू का? धुणंभांडी हितं बी हायतच की," असं म्हणून तिनं स्वतःच बारामती गाठली होती. मेडिकल झालं, व्हिसा आला. एजंट अविराज आज चहाच्या वेळेला तिचा पासपोर्ट न्यायला येणार होता.

आप्पासाहेबांनी सुयोगला एकदाच विचारलं होतं, "तू ऱ्हाऊन आलाईस. धाडू का हिला?"

"तिला जायचंय तर जाऊ द्या."

"काम कसं हाय, ते विचारतोय मी."

"कामासारखं काम," सुयोग म्हणाला आणि खाली बघून काहील ढवळत राहिला.

त्या सकाळी रसाचं पहिलं आधण चुलवाणावर होतं. आप्पासाहेब बाहेर बाजेवर ऊन खात बसले होते. वाऱ्यानं तोंड फिरवलं आणि ते ताडकन उठले.

"सुयोग! लागलं रं! उतरव!"

आतून शांत आवाज आला, "आजून येळ हाय, आप्पा."

ते चाचपडत आत गेले. करपट वासानं गुऱ्हाळ भरलं होतं. धुरात बसलेल्या शकुबाईंनाही तो आता लागला आणि त्या पदर नाकाशी धरून मागं सरल्या. सुयोग मात्र काहिलीवर वाकला होता, वाफ तोंडावर घेत, देवळात उभा असल्यासारखा निवांत. राजेश्वरी धावत आली. सगळ्यांनी मिळून काहील ओढली, गूळ निववायच्या वाफ्यात कलंडली. वाफ्यात पसरलं ते डांबर.

"सर्दी हाय का तुला?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"व्हय. थोडी."

"सायेब झालाय त्यो आता," शकुबाई उगाचच हसल्या. "एसीत बसून गुळाची सवय मोडली."

सुयोग हसला नाही. फावडं घेऊन तो काळं पडलेलं खरवडत बसला.

दुपारी दुसरं आधण आप्पासाहेबांनी स्वतः उभं राहून उतरवलं आणि मग बाजेवर पडून ते आठवत राहिले. आल्यापासून पोरगा कशालाच नावं ठेवत नव्हता. परवा दूध नासलं होतं, त्याचा चहा तो गपगुमान प्याला. गोठ्यात वासरू मेलं होतं, सगळे नाक धरून उभे, हा तिथंच बसून त्याच्या कपाळावरून हात फिरवत होता. शकुबाई म्हणाल्या होत्या, किती मायाळू झालाय बघा. आणि त्याचा तो खोकला, जात्यात खडा आल्यासारखा. एकेक गोष्ट आठवत गेली, आणि पाक दाटावा तसं आप्पासाहेबांच्या छातीत काहीतरी दाटत गेलं. ते उठले, गोठ्यातली फिनेलची बाटली हुडकली, फडक्याचा एक तुकडा भिजवला आणि वाटीत घालून वर झाकण ठेवलं.

अविराज आला तो फटफटीवरून, धुळीत एक डाग नसलेला शर्ट घालून.

"काकू, च्या गुळाचाच पायजे हां! साखरेचा बारामतीत लई मिळतो."

"सकाळचा गूळ घालू का? काळाकुट्ट झालाय," राजेश्वरी म्हणाली.

"घाल की ताई. तुझ्या हातचा चुना बी गोड लागंल." तो बाजेवर टेकला. "आप्पासाहेब, काळजी सोडा. ह्या लाइनीला मरण न्हाय. माणूस हाय तवर घाण हाय. आन् आता झाडू-फडकं कुठलं? मशिनं आल्यात. बटण दाबलं की फरशी आरसा. दोन वर्सात सुपरवायझर. इचारा की दादाला."

सगळ्यांनी सुयोगकडं पाहिलं. तो कपातल्या चहाकडं पाहत होता.

राजेश्वरीनं आतून पासपोर्ट आणला. नवीन निळं पुस्तक, अजून एकही शिक्का नसलेलं. अविराजनं हात पुढं केला.

"थांब जरा," आप्पासाहेब म्हणाले. "सुयोग, हिकडं ये. डोळे झाक."

"आत्ता? आप्पा, काय पोरखेळ..."

"म्हाताऱ्याचा हट्ट समज."

त्यांनी आपलं उपरणं त्याच्या डोळ्यांवर बांधलं. गाठ घट्ट बसली. मग वाटीवरचं झाकण काढलं. फिनेलचा भपकारा उठला तसा अविराज तोंड वाकडं करून मागं सरकला. शकुबाई काही बोलणार, तोच आप्पासाहेबांनी ओठावर बोट ठेवलं. ओलं फडकं त्यांनी पोराच्या नाकाशी नेलं.

"सांग. गूळ सकाळचा का दुपारचा?"

सुयोगनं लांब श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. कपाळावर आठ्या पडल्या, लहानपणी पडायच्या तशाच. सगळं अंगण त्याच्या तोंडाकडं बघत होतं.

"दुपारचा," तो म्हणाला. "चांगला उतरलाय, आप्पा."

राजेश्वरी पुढं आली आणि तिनं भावाच्या डोळ्यांवरचं उपरणं सोडलं. सुयोगनं आधी बापाच्या हातातलं फडकं पाहिलं, मग आईचं तोंड.

"कवापासनं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"वरीस झालं."

"डाक्टरला..."

"दावलं. त्यो म्हणाला, वास आता न्हाय यायचा."

"असं एखाद्याला हुतंच की," अविराज घाईनं म्हणाला. "शंभरातल्या एकाला. त्याला काय..."

"तू गप ऱ्हा," राजेश्वरी म्हणाली. पासपोर्ट तिनं छातीशी धरला होता. "दादा, तू बोल."

सुयोग खाली बसला. आवाज इतका बारीक होता की आप्पासाहेबांना वाकावं लागलं.

"मशिनं आल्यात, हे खरं बोलतोय ह्यो. मोठ्या फरशीवर रातसारी एकली फिरत्यात. आमच्यातली निम्मी माणसं त्यांनी घरला धाडली. ऱ्हायली ती, मशीन जात न्हाय तितं. संडासात, जिन्याखाली, खिडकी नसलेल्या खोलीत. बिगी बिगी उरका म्हणत्यात, म्हणून दोन बाटल्या एकात वतायच्या. ॲसिड आन् ब्लीच. धूर उठतो, पिवळा. मी सुपरवायझर कवाच नव्हतो, आई. आन् रजा बी न्हाय. काढून टाकलंय मला."

शकुबाईंच्या हातातली चहाची किटली कलली. मातीत चहा सांडत राहिला, कुणी ती सरळ केली नाही.

"आन् हे म्हाईत असून," आप्पासाहेबांनी विचारलं, "हिला जाऊ द्या म्हणालास?"

"हे सांगितलं असतं तर पुढचं बी सांगाया लागलं असतं."

"पुढचं काय?"

सुयोगनं फडकं उचललं. दोन्ही हातांत घेऊन पिळलं, त्यात काही उरलंच नसल्यासारखं. मग बहिणीकडं मान वर केली.

"राजे, तुला घेत्यात ती जागा नेपाळच्या एका पोरीची हुती. तुझ्याच वयाची. मला दाजू म्हणायची, म्हंजे दादा. त्या दिवशी आमी दोघं आत हुतो, आन् बाटल्या मी वतल्या. मी दारापत्तुर सरपटलो. ती न्हाय आली."