टिंबाचं नाणं

बाजाराच्या मंडपात मुंगीला शिरायला जागा नव्हती. नाणेबाबाने थाळीवर हात पसरला, डोळे फिरवले आणि आरोळी ठोकली, "नाण्या नाण्या, मार उडी, दुखण्याची या उलथव घडी!" थाळीतलं नाणं टुणकन त्याच्या मुठीत! नाणं उडालं की दुखणं गेलं, औषध बंद, असं बाबाचं सांगणं. माणसं आनंदाने रडायला लागली.

ठसेबाईचा मात्र संताप मावेना. तीस वर्षं तिने टाकसाळीत नाण्यांचे ठसे कोरले होते. शेजारी तिची थोरली बहीण, मधुमेहाची. बाबाच्या शब्दावर बारा दिवस गोळ्या बंद, आणि तळपायाची जखम काळी पडत चाललेली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "असंच चाललं तर पाऊल कापावं लागेल."

"अक्का, नाणं कसं उडतं ते दाखवलं, तर गोळ्या घेशील?"

"आधी दाखव. लहानपणापासून तुझी जीभच लांब."

बाई गर्दी चिरत पुढे गेली. नाणी दिसायला सारखीच, मधोमध कणीस. पण काहींवर देठाशी मोहरीएवढं टिंब होतं. ते तिच्याच हातचं. तांबं-निकेल महागलं, पोलादाची नाणी पडू लागली, तेव्हा टाकसाळीत जुनी-नवी ओळखता यावीत म्हणून नव्यांवर कोरलेलं.

"हे उडेल. हे नाही. हे उडेल," तिने बोट ठेवून सांगितलं.

"पाप्याचा हात लागला!" बाबा कडाडला. "शक्ती रुसली!"

"रुसली तर एकही उडायचं नाही. बघू या की!" तिने त्याचं मनगट धरून थाळीवरून फिरवलं. टिंबवाली टणाटण हाताला चिकटली. बाकीची ढिम्म.

मग तिने पदराची पिन त्याच्या जाडजूड अंगठीपाशी नेली. टच्चकन बसली.

"बाबा, या पिनेला कुठला आजार होता?"

मंडप खदखदून हसला. अक्का तेवढी हसली नाही.

"त्याने डोक्यावर हात ठेवला होता गं. डॉक्टर तर मान वर करून बघतही नाहीत."

बाईने तिचा हात हातात घेतला. "आज बघतील. मी समोर उभी राहते."

मग ती गर्दीकडे वळली. "अंगठीत लोहचुंबक आहे, नाण्यात पोलाद. चुंबकाला तुमचं दुखणं कळत नाही! औषध सोडा म्हणणाऱ्याला 'का?' विचारा. उत्तर नसेल तर गोळी नाही, त्याचं दुकान बंद करा!"

अक्काने तिच्या खांद्यावर भार टाकला.

"भाषण पुरे. दवाखान्यात चल."