कोनाड्यातल्या बरणीची पाठ

दचकू नका मित्रांनो! बोलतेय ती मीच, मातीकामाच्या कारखान्यातली जुनी बरणी. दचकायचा हक्क खरं तर आज माझा आहे. काल दुपारी जे घडलं, त्याने माझं अंग अजून गार आहे.

आशियाच्या पूर्व टोकाला एका भट्टीत माझा जन्म झाला. झाकण बांधायला खांद्यावर चार कान, आणि त्यांच्याभोवती तपकिरी रंगातला ड्रॅगन. चिताऱ्याने डोकं झोकात काढलं, अंग झोकात काढलं, आणि फिरत फिरत परत डोक्यापाशी येऊन बघतो तो काय, शेपटीला जागाच उरली नव्हती! त्याने कपाळावर हात मारला. मग खो खो हसला आणि शेपटी मुडपून चौथ्या कानाखाली कोंबली. मागचा एक पाय तर राहूनच गेला. तशीच मी भाजली गेले, तेल भरून जहाजात चढले आणि कितीतरी हातांतून फिरत इथे आले.

इथे चाकासमोरच्या कोनाड्यात माझी जागा. ड्रॅगनच्या खवल्यांची बाजू पुढे, पाठ भिंतीकडे. इथल्या कारागिराला सगळे मास्तर म्हणतात. मास्तरांनी माझ्याकडे बघून किती नक्षी उचलली! ड्रॅगनचे खवले बश्यांच्या काठावर गेले, त्याच्या पायाखालचे ढग कपांवर उतरले. मला पुसायचे तेही फक्त मास्तरच. दुसऱ्या कुणी हात पुढे केला की ओरडायचे, "हात लावायचा नाही तिला!" मला वाटायचं, काय लाड आहेत माझे!

त्यांची लेक माझ्यासमोरच कुंचला धरायला शिकली. मास्तर तिला सांगायचे, "बघ हिच्याकडे. एक तरी रेघ चुकलेली सापडते का? वाकडं ते फोडायचं. नियम म्हणजे नियम."

ऐकून मी थक्क झाले. एक रेघ? अहो, माझ्या ड्रॅगनला अख्खा पाय कमी आहे! पण माझं तोंड एवढं मोठं असून काय उपयोग, शब्द काही फुटेना.

लेक मोठी झाली आणि तिने स्वतःची नक्षी शोधली. चाल माझ्या ड्रॅगनची, पण प्राणी तिचा: कारखान्याच्या भिंतीवरची पाल. बरणीच्या खांद्याभोवती ऐटीत फिरणारी ती पाल मला फार आवडली. पण शेपटी डोक्यापाशी नीट येईना. कधी जागा कमी पडायची, कधी जास्त उरायची. मग लेक हातोडी घ्यायची. खळ्ळकन आवाज व्हायचा आणि माझ्या चारही कानांत कळ जायची. तेरा बरण्या फोडल्या तिने. तेरा!

मग मास्तर आजारी पडले. उठले तेव्हा उजवा हात थरथरत होता. चार महिने ते कुंचल्याकडे फिरकले नाहीत. गेल्या आठवड्यात मात्र लेक बाहेर गेलेली बघून बसले आणि एका बरणीवर तिचीच पाल काढली. रेघ कापरी, शेपटी अर्धी. पण चेहरा असा खट्याळ, की आत्ता माशी गिळेल.

काल ती बरणी भाजून निघाली. मास्तरांनी ती स्वतःच फोडायच्या रांगेत ठेवली आणि म्हणाले, "फोड."

"बाबा, ही नाही."

"नियम म्हणजे नियम. तू तेरा फोडल्यास, तेव्हा मी अडवलं का?"

लेकीने हातोडी उचलली, पुन्हा खाली ठेवली. वेळ काढायला म्हणाली, "आधी कोनाडा पुसून घेते. किती धूळ बसलीय बघा." ते खरंच होतं. मास्तर आजारी पडल्यापासून मला कुणी पुसलंच नव्हतं.

"थांब! तिला हात लावू..."

पण तिने मला उचलून टेबलावर ठेवलंच. पुसता पुसता फिरवलं आणि तिच्या हातातलं फडकं गळून पडलं.

"बाबा, हे काय आहे?"

मास्तर म्हणाले, "माझ्या गुरूंनीही तिची पाठ अशीच भिंतीकडे ठेवली होती. ते गेल्यावर पुसायला काढली, तेव्हा मला कळलं."

"आणि मला नाही सांगितलंत?"

"वाटलं, सांगितलं तर तू हात सैल सोडशील."

लेक माझ्या मुडपलेल्या शेपटीवरून बोट फिरवत राहिली. "तेरा फोडल्या मी, बाबा. त्यातल्या चार-पाच तर अगदी अशाच होत्या."

मित्रांनो, मला जबर धक्का बसला. एवढी वर्षं ज्याला मी लाड समजत होते, ती लपवाछपवी होती! ज्या शेपटीला माझा चितारी खो खो हसला, तिची या माणसांना लाज वाटत होती. आणि माझ्याच नावाने तेरा बरण्यांचा चुरा झाला.

मास्तर उठले. थरथरत्या हाताने त्यांनी हातोडी उचलली. वाटलं, आता माझी पाळी. पण ते हळूहळू कोनाड्यापर्यंत गेले आणि माझ्या रिकाम्या जागेत, पार मागे, भिंतीला लावून हातोडी ठेवून दिली.

आज मी मधल्या टेबलावर आहे. शेजारी मास्तरांची कापरी पाल आहे, आणि समोर लेक चौदावी बरणी रंगवतेय. शेपटीला जागा कमी पडणार, हे मला आत्ताच दिसतंय.

जुन्या भांड्यांवरून नक्षी उचला मित्रांनो, खुशाल उचला. पण आधी ते भांडं सगळीकडून फिरवून बघा. आणि फिरवताना कानाला धरू नका. दोन्ही हात बुडाखाली घाला, मी म्हातारी आहे.