कोऱ्या पाण्यातली टेकडी

रसायनतज्ज्ञ बाईंनी कोऱ्या पाण्याची, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या निव्वळ शुद्ध पाण्याची बाटली उजेडात धरली, हलवली आणि पुन्हा मोजणीच्या यंत्राला लावली. पडद्यावर रेघ सरळ चालत आली आणि ठरल्या जागी, सवयीनेच, टेकडीसारखी वर उचलली गेली.

"पुन्हा तेच!" पंपवाले काका म्हणाले. "अहो मॅडम, हे तर पोहण्याच्या तलावाचं पाणीसुद्धा नाही. यात सनस्क्रीनचं क्रीम आलं कुठून?"

उन्हाळाभर माणसं सनस्क्रीन फासून वरच्या तलावात डुंबत. "माणसं काळी पडायला भितात, म्हणून पाणी गोरं होतं," असं काका म्हणत. ते पाणी पुढे नदीत सोडलं जाई. त्याआधी त्यातलं क्रीम काढावं म्हणून बाईंनी कित्येक वर्षं खपून तळघरात ही पोलादी नळी उभी केली होती. आत अतिनील दिवा, पाण्यात मोजकं पेरॉक्साइड. दोघं मिळून क्रीमचे तुकडे तुकडे करत. ऊन अडवणाऱ्या क्रीमचा निकाल उन्हातल्याच किरणांनी लावायचा, म्हणजे काट्याने काटा काढण्यातलाच प्रकार. दिवा लागला की नळीच्या झरोक्यातून निळा उजेड भिंतींवर डुले, आणि आपण पाण्याच्या तळाशी बसलो आहोत असं बाईंना वाटे. पण या आठवड्यात रेघ सपाट आली नाही, तर नळी उचलून भंगारात जाणार होती.

बाईंनी हातमोजा काढला. मनगट नाकाशी नेलं.

"माझ्यामुळे येतंय, काका."

"तुम्ही लावता होय?"

"मी नाही. बाबांना लावते."

बाबांनी जन्मभर उघड्यावर पोरांना पोहायला शिकवलं होतं. आता त्यांच्या कातडीला ऊन सोसत नव्हतं, आणि घरात बसणं त्यांना सोसत नव्हतं. म्हणून रोज सकाळी गच्चीत नेण्याआधी बाई त्यांच्या चेहऱ्याला क्रीम चोळत. हल्ली ते कुणालाच ओळखत नसत. गालाला तळहात लागला की मात्र डोळे मिटून म्हणत, "नाकावर जास्त लाव, ताई." त्यांची ताई, म्हणजे बाईंची आत्या, केव्हाच गेली होती. बाईंनी त्यांची चूक कधी सुधारली नाही. मग साबणाने हात धुवायचे, तळघरात हातमोजे घालायचे. तरी बाहीला, घड्याळाच्या पट्ट्याला कुठेतरी कण चिकटून येत असणार.

"एवढंच ना?" काका हसले. "मग दुसऱ्या कुणाला तरी लावू द्या की."

दुसऱ्या दिवशी बाबांना सांभाळणाऱ्या मावशींनी क्रीम लावायला घेतलं. बाबांनी तोंड फिरवलं, हात झिडकारला. संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा त्यांचं नाक लालबुंद झालं होतं. बाई समोर बसल्या, तसे ते परक्या पाहुण्याशी बोलावं तितक्या अदबीने म्हणाले,

"बसा हं. आमची ताई येईलच एवढ्यात."

बाईंना रडू आवरेना.

पुढच्या सकाळी त्यांनीच क्रीम लावलं. नाकावर जरा जास्त. मग तळघरात आल्या, पण काचेच्या दाराशीच थांबल्या.

"आजपासून नमुने तुम्ही भरा, काका. बाटली आधी तीनदा विसळा."

"आणि तुम्ही?"

"मी बाहेरच बरी."

"नळी तुमची, आणि तुम्हीच दाराबाहेर? याला काय म्हणावं!"

काका आत गेले. पंप घरघरला, दिवा लागला. मग काकांची आरोळी आली.

"मॅडम, सपाट! कोरं पाणी सपाट, नळीतून आलेलंही सपाट! अहो, या की, बघा तरी!"

"दिसतंय मला इथून," बाई म्हणाल्या.

काचेवर वाफ धरली होती. निळ्या उजेडाशिवाय पलीकडचं काहीच दिसत नव्हतं.